गळके यंत्र आणि कला शाखा

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

घरातले मूल कॉलेजात जाऊ लागले की त्याच्या हातातली एकेक वस्तू घरची माणसे काढून घेऊ लागतात. आधी विळा जातो, मग खराटा, मग पान्हा. "तू राहू दे, तुझा अभ्यास हाय," असे म्हणताना त्यांच्या आवाजात माया असते, थोडा अभिमानही असतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले, तिथे तर शिक्षणाचा अर्थच 'हात काळे न होणे' असा लावला जातो. या मायेविषयी माझी तक्रार नाही. परंतु तिने आपल्याला जे पांगळेपण दिले आहे, त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आपण कला शाखेचे विद्यार्थी नळ ठिबकू लागला तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. ते सायन्सवाल्यांचे काम, असे आपण म्हणतो. सायन्सवाले म्हणतात, ते आयटीआयवाल्यांचे. नळ आपला ठिबकतच राहतो.

माझे म्हणणे असे की, घरात बिघडलेले यंत्र आधी घरातल्या माणसांनीच उघडून पाहिले पाहिजे, आणि कला शाखेला यातून सूट नाही. उलट तिच्याकडे यातले एक खास काम आहे, ते दुसरे कोणी करणार नाही.

उदाहरण म्हणून मी मुद्दाम असे यंत्र घेते, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाही. भांडी घासण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर. ते माझ्याही घरी नाही. माझी आई विश्रामबागेत चार घरची भांडी घासते. तेव्हा आमचे आणि या यंत्राचे नाते म्हणाल तर स्पर्धकाचे आहे!

हे यंत्र एखाद्या इंजिनिअरने शोधले असेल, असे मला वाटत होते. ते उपयोगाचे करून दाखवले जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईने. इंजिनिअरिंगचे शिक्षण तिला नव्हते. नोकरांच्या हातून तिच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, म्हणून तिने बशांची मापे घेऊन तारेचे कप्पे केले, एका मेकॅनिकच्या मदतीने ते पाण्याच्या फवाऱ्याखाली बसवले आणि १८८६ साली पेटंट मिळवले. त्याच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. मात्र त्याची पहिली गिऱ्हाइके हॉटेलेच होती. सामान्य घरात ते शिरायला फार वर्षे लागली, आणि सांगलीपर्यंत यायला त्याहून जास्त.

आई काम करते त्यांपैकी एका घरी २०२० च्या टाळेबंदीनंतर हे यंत्र आले. टाळेबंदीत कामाच्या बायकांना सोसायटीच्या फाटकातून आत घेत नव्हते, तेव्हा शहरातल्या बऱ्याच घरांना या यंत्राची आठवण झाली. आई पुन्हा कामावर गेली तेव्हा त्या घरचा तिचा पगार निम्म्यावर आला होता. मोठे टोप, कढया आणि तवे तेवढे तिच्याकडे राहिले, बाकी सारे यंत्राकडे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या यंत्राच्या दारातून पाणी गळू लागले. कंपनीला फोन केला. माणूस आठ दिवसांनी येईल, येण्याचे पैसे वेगळे, आणि बहुधा पंप बदलावा लागेल, असे यंत्र न पाहताच सांगण्यात आले. कंपनीचे नाव लिहिण्याचे कारण नाही; सगळ्यांची तऱ्हा सारखीच असावी. आठ दिवस आई भांडीही घासणार होती आणि यंत्राखालचे पाणीही पुसणार होती.

मी त्या दिवशी आईबरोबर गेले होते. यंत्राबरोबर आलेले पुस्तक काकूंकडून मागून घेतले आणि तिथेच स्वयंपाकघराच्या दारात बसून वाचून काढले. ते इंग्रजीत आणि हिंदीत होते. ते वाचल्यावर जे कळले, ते वाचकांना सांगते, कारण त्यात अगम्य असे काही नाही.

हे यंत्र पाण्याने काठोकाठ भरत नाही. तळाशी काही लिटर पाणी जमते, ते तापते, आणि पंप तेच पाणी पुन्हापुन्हा वर फेकतो. खाली-वर भोके असलेल्या पात्यांसारखे दोन हात असतात. पाण्याच्या जोराने ते गरगर फिरतात आणि भांड्यांवर फवारा मारतात. खाली येणारे पाणी गाळणीतून जाते. गाळणी तुंबली की मळके पाणी तळात साचून राहते आणि निचरा नीट होत नाही. फिरणाऱ्या हाताला चीर गेली किंवा त्याची भोके बुजली की फवारा नको तिकडे, दाराच्या फटीवर बसतो. दाराच्या कडेने रबर असते. ते दुसरे तिसरे काही नसून आपल्या कुकरच्या रिंगचेच मोठे भावंड आहे. त्यावर तेलाचा थर बसला की दार लागते, पण घट्ट बसत नाही. यंत्र पुढे कललेले असले तरी पाणी दाराकडे येते. आणि त्याची खास पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचा पातळ साबण आत ओतला, तर फेस इतका होतो की तोच दारातून बाहेर पडतो. पाणी मागच्या बाजूने येत असेल तर नळीच्या जोडाचा वॉशर पाहावा. कित्येक यंत्रांत तळाच्या परातीत एक तरंगता गोळा किंवा तुकडा असतो. गळलेले पाणी तिथे जमले की तो उचलला जातो आणि यंत्र आपण होऊन थांबते. लोक समजतात यंत्र मेले; ते बिचारे फक्त सांगत असते की खाली पाणी आहे.

आम्ही प्लग काढला, नळ बंद केला. या दोन गोष्टी केल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. गाळणी पिळल्यासारखी फिरवली की हातात येते. तिच्यात भाताची शिते, मोहरी, कढीपत्त्याची पाने आणि टोमॅटोची साले यांचा लगदा होता. मी तेवढ्यावर खूश होते. आईने मात्र दाराच्या रबरावरून बोट फिरवले आणि खालच्या कोपऱ्यात थांबली. "हितनं गळतंय. रबराला चिकटा बसलाय." हळद आणि तेल यांचा तो थर कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने तिनेच काढला. ताट हातात घेतल्याबरोबर ते कुठे निसरडे आहे हे तिच्या बोटांना कळते, आणि तीस वर्षांचे ते ज्ञान रबरालाही लागू पडले. यंत्र चालू केले. गळणे थांबले. खर्च काही नाही, पंपही जागच्या जागी.

हे मैत्रिणींना सांगितले तेव्हा एकीने विचारले, "तू तुझ्या आईच्याच पोटावर पाय दिलास की! ते बिघडलेलेच राहिले असते तर तिचा पगार पुन्हा पूर्ण झाला असता." प्रश्न थट्टेचा नव्हता आणि मला तो अजून पुरता सुटलेला नाही. आईला विचारले तर ती म्हणाली, "मोडक्या यंत्रावर किती दिस पोट भरायचं, बाई?" पण पोट तिचे आहे, म्हणून ती तसे बोलू शकते; मी तिच्या उत्तराआड लपणे बरे नव्हे. मला खटकते ते वेगळेच. काकूंनी त्या दिवशी आम्हाला फराळाचा डबा दिला. काकू मायाळू आहेत आणि चकली चांगली होती. परंतु कंपनीच्या मेकॅनिकला कोणी चकलीवर बोळवत नाही. तेच काम गणवेश घातलेल्या माणसाने केले तर ती दुरुस्ती ठरते, आणि भांडी घासणाऱ्या बाईने केले तर ती मदत! काम कोण करते यावरून त्याची किंमत ठरते, हे समाजशास्त्राच्या तासाला आपण जातींच्या संदर्भात शिकतो. ते गाळणीपाशीही दिसले.

हाताच्या कामाला आणि अक्षराला एकमेकांपासून तोडणे ही आपल्या भागाची तरी परंपरा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला, तेव्हा ती जागा औंध संस्थानात होती. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि तो पटवून द्यावा लागला. नांगर नुसता घडवून भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो. त्याच वाडीतून १९२० साली चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. सुरुवातीला ते कारखान्याचे माहितीपत्रकच होते. त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक घडले, आणि पुढे १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण या मासिकांची नावे पाठ करतो. ती पंप आणि नांगर यांच्या आवारात जन्मली, हे मात्र परीक्षेत कोणी विचारीत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काल्यास काढली. त्याआधी ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले होते. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतची कामे मुलेच करीत. 'कमवा आणि शिका' ही योजना आज आपल्याकडे बहुतेक ग्रंथालयातली धूळ झटकणे आणि बागेला पाणी घालणे एवढ्यावर आली आहे. ती कामेही चांगलीच. पण त्यांत काही उघडून पाहावे लागत नाही.

वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काविषयी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू अशी तिची क्षेत्रे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहकदिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून संकेतस्थळही सुरू झाले. हे स्वागतार्ह आहे. परंतु माझ्या आईला ती माहिती मराठीत कोण देणार? सातवी शिकलेल्या बाईला कळेल असे मराठी हवे. शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' हा शब्द लिहून एक गुण मिळवला, पण बोअरच्या पाण्याने काचेच्या पेल्यावर जे पांढरे डाग पडतात ते तेच, आणि यंत्रात खास मीठ घालतात ते त्याच्यासाठी, हे किती जणांना सांगता येईल? (जेवणातले मीठ तिथे चालत नाही.) हे भाषेचे काम आहे, म्हणजे आपले.

काकूंच्या यंत्रासाठी मी मराठीत एक पानभर मजकूर लिहून दिला. तो लिहिणे निबंधापेक्षा अवघड गेले. 'फिल्टर'ला गाळणी चालले, 'गॅस्केट'ला दाराचे रबर. फिरणाऱ्या हाताला काय म्हणावे यावर आईशी वाद झाला आणि शेवटी तिचा 'भोवरा' राहिला. कुठे थांबायचे, हेही त्यात लिहिले आहे. गाळणी, रबर, भोवरा, नळीचा वॉशर एवढे आपले. तळाची पत्री खोलायची वेळ आली, वायर दिसली किंवा जळका वास आला, तर हात मागे घ्यायचा आणि जाणत्याला बोलवायचे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर स्क्रू काढण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. नाहीतर कंपनीला निमित्त मिळते.

माण तालुक्यात आमचे चुलते विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह स्वतः उतरवतात आणि स्वतः बसवतात. ते चौथीपर्यंत शिकले आहेत. त्यांचा मुलगा यंदा साताऱ्याला बी. ए. करतो आहे, आणि विहिरीवर तो मोटरीचे बटण तेवढे दाबतो. चुलत्यांना त्याचेच कौतुक वाटते.

प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मंडळाला माझी सूचना लहानशी आहे. 'कमवा आणि शिका'चे आठवड्यातले दोन तास दुरुस्तीला द्यावेत, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी तिची एक पानाची कृती सोप्या मराठीत लिहून फलकावर लावावी. गावातला एखादा जुना मेकॅनिक शिकवायला बोलवावा, आणि त्याला पाहुण्या वक्त्याइतकेच मानधन द्यावे. सुरुवात करायला ग्रंथालयामागच्या टाकीचा बॉल कॉक आहे. तो जुलैपासून गळतो आहे. पान्हा शिपाईमामांकडे आहे. शनिवारी देतो म्हणाले आहेत.