मध, रॉयल जेली आणि बाळाची वाट

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की सल्ले सुरू होतात. कुणी महाबळेश्वरचा मध आणून देतं, कुणी रॉयल जेलीच्या कॅप्सूल मागवतं, कुणी परागकणांची डबी. वर सांगितलं जातं, "नैसर्गिक आहे, घेऊन तर बघ, नुकसान काय?" नुकसान काय, तेच आज सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगतो: मध आवडत असेल तर जरूर खा, पण त्याच्या भरवशावर तपासण्या पुढे ढकलू नका.

रॉयल जेलीची जाहिरात राणीमाशीच्या नावावर चालते. राणीमाशी हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते आणि ती रॉयल जेलीवर वाढते, हे खरं आहे. म्हणून ती खाल्ली की आपलीही बीजं वाढतील, असं मनाला पटतं. पण माशी राणी होणार की कामकरी, हे ती अळी असतानाच ठरतं. पूर्ण वाढ झालेल्या कामकरी माशीला रॉयल जेली चारली तरी तिची राणी होत नाही. जे माशीच्या बाबतीत घडत नाही, ते माणसात घडेल अशी अपेक्षा कशी करायची? शिवाय स्त्रीची बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. कुठलंही औषध किंवा अन्न त्यांची संख्या वाढवत नाही.

मग संशोधन काय सांगतं? उंदरांवर बरेच प्रयोग झाले आहेत आणि काहींत शुक्राणूंची हालचाल सुधारलेली दिसली. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. मध किंवा रॉयल जेली खाल्ल्याने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं, असं ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आता नुकसानीकडे वळू. मधात साधारण ८० टक्के साखर असते. एका मोठ्या चमच्यातून सुमारे ६० कॅलरी मिळतात. पीसीओडी, वाढलेलं वजन किंवा मधुमेह असेल, तर रोजचे दोन-तीन चमचे औषध म्हणून घेणं उलटं पडू शकतं. रॉयल जेली, परागकण आणि प्रोपोलिस (म्हणजे मधमाश्या पोळ्यात वापरतात तो डिंकासारखा पदार्थ) यांची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी येते. दम्याच्या रुग्णांना रॉयल जेलीमुळे जिवावर बेतल्याच्याही नोंदी आहेत. दमा असेल किंवा मधमाशी चावल्यावर अंगभर गांधी उठत असतील, तर हे पदार्थ घेऊच नका. रक्त पातळ करणारं वारफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

बाटलीत मधच आहे का, हाही प्रश्न आहे. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. एनएमआर या बारकाईच्या चाचणीत त्यातले फक्त ३ टिकले. काही कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण "शुद्ध, नैसर्गिक" हे लेबल म्हणजे खात्री नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा झपाट्याने उतरतो. तेहतिसाव्या वर्षी "सहा महिने हे घेऊन बघू, मग ते घेऊन बघू" म्हणता म्हणता पस्तिशी उलटते. बंद झालेल्या गर्भनलिका मधाने उघडत नाहीत. गर्भाशयाचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. त्याला क्षयरोगाचीच औषधं लागतात. थायरॉइडला थायरॉइडची गोळी लागते.

आणि हे सगळे चमचे सुनेलाच का? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. वीर्यतपासणी सोपी आहे, दुखत नाही आणि बहुतेक ठिकाणी ती रॉयल जेलीच्या महिन्याभराच्या खर्चाहून स्वस्त पडते. तरी ती सगळ्यात शेवटी होते. ती पहिल्याच आठवड्यात करा. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि दारू सोडा. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यामुळे शुक्राणू तयार होणंच थांबू शकतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून सवयी बदलल्याचा फायदा दिसायलाही तेवढा वेळ द्या.

स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष त्याने कमी होतात आणि याला भक्कम पुरावा आहे. पीसीओडीत वजन ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी नियमित होते.

डॉक्टरांकडे कधी जायचं? वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर लगेच. आणि जाताना दोघांनी जा.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. तुम्ही मध आणता तो मायेपोटीच. पण प्रत्येक डबीबरोबर "दोष तुझ्यात आहे" हा निरोपही सुनेपर्यंत पोहोचतो. त्याऐवजी मुलाला सांगा, "तूही तपासून घे." आणि बाळ झालं की वर्षभर त्याला मध चाटवू नका, सोनं उगाळूनही नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तोवर सकाळी पोळीबरोबर चमचाभर मध खायला माझी हरकत नाही. फक्त फाइलमध्ये दोघांचेही रिपोर्ट असू द्या.