पाचांपैकी एक मूल खरोखर आजारी आहे काय?

जगातील दर पाच मुलांपैकी एकामध्ये खाण्यासंबंधीच्या विकृतीची लक्षणे दिसतात, असे वृत्त फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर प्रसृत झाले. त्यास आधार होता 'जामा पेडियाट्रिक्स' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातील संशोधनाचा. १६ देशांतील ३२ पाहण्यांमधून सुमारे ६३ हजार मुलामुलींची माहिती त्यात एकत्र करण्यात आली होती. लक्षणांचे प्रमाण २२ टक्के भरले. मुलींमध्ये ३०, तर मुलग्यांमध्ये १७ टक्के.

घाबरून जाण्यापूर्वी हा आकडा कसा निघाला ते पाहावे. पोट भरल्यावर मुद्दाम उलटी करता का, खाण्यावरचा ताबा सुटला अशी धास्ती वाटते का, अशा स्वरूपाचे केवळ पाच प्रश्न मुलांना विचारले गेले. दोहोंना 'होय' म्हणणारे मूल या २२ टक्क्यांत धरले जाते. ही चाळणी झाली, रोगनिदान नव्हे. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या दहा हजारांवर मुलांच्या मुलाखतींवरून २०११ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत उपाशी राहून शरीर झिजविणारा ॲनोरेक्सिया ०.३ टक्के, खाऊन ओकून टाकण्याचा बुलिमिया ०.९ टक्के आणि अनावर खादाडीचा विकार १.६ टक्के मुलांमध्ये आढळला होता.

मग काळजीचे कारण नाही काय? आहे, आणि ते इंग्लंडच्या सरकारी पाहणीत सापडते. तेथे प्रश्न लक्षणांचा नसून विकाराचाच होता. ११ ते १६ वयोगटातील त्याचे प्रमाण २०१७ मध्ये ०.५ टक्के होते, ते २०२३ मध्ये २.६ टक्के झाले. १७ ते १९ वयोगटात ते ०.८ वरून थेट १२.५ टक्क्यांवर गेले. त्यातही तरुणींमध्ये २०.८ टक्के. मधल्या काळात कोविडची टाळेबंदी येऊन गेली हे खरे, परंतु सारा दोष तिच्या माथी मारणे आम्हास पटत नाही. फिजी बेटांवरील एका प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. तेव्हा बारीक होण्यासाठी मुद्दाम ओकणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी असे करणाऱ्या मुली ११ टक्के निघाल्या. सुदृढ देहाचे कौतुक करणाऱ्या समाजातील ही गोष्ट आहे. आज तो पडदा प्रत्येक मुलाच्या खिशात आहे.

आपल्याकडील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन व उंची मोजली जाते. परंतु बुलिमिया झालेल्या मुलीचे वजन बहुधा सर्वसाधारणच असते. म्हणून वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेणे, सर्वांसोबत जेवायला बसणे टाळणे, पाळी बंद होणे, या खुणा घरच्यांनाच आधी दिसतात. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चर्चच्या कायद्यानुसार उपवासकाळातील उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच लागू होते. तेराचौदा वर्षांची मुलगी उपवासाच्या नावाखाली दिवसेंदिवस ताट बाजूला सारत असेल, तर तिच्या भक्तीचे कौतुक करण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे.