शेवटच्या आकड्याची गवाही

आधार कार्डावर १२ आकडे असतात. त्यातले पहिले ११ म्हणजे आपल्याला मिळालेला क्रमांक. बारावा त्या अकरांवरून हिशेबाने काढलेला. तो आपल्याबद्दल नवे काहीच सांगत नाही. निकाहात गवाह बसतात, तसा तो आधीच्या अकरांची गवाही द्यायला बसलेला असतो. अर्ज भरताना एक आकडा चुकला तर गवाही जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथेच अडवू शकतो.

ही रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ सालची. माणसे आकडे लिहिताना चुकतात कशी, हे त्यांनी बारकाईने पाहिले. बहुतेक वेळा एकच आकडा बदलतो. त्याखालोखाल शेजारचे दोन आकडे जागा बदलतात. या दोन्ही चुका त्यांची रीत हटकून पकडते. आकडे उलटेपालटे होतात याचे आपल्याला तर नवल वाटायलाच नको. 'पंचवीस' म्हणताना तोंडातून आधी पाच निघतात, मग वीस; कागदावर मात्र आधी २ येतो, मग ५. फोनवर ऐकून लिहिणाऱ्याचा हात इथेच घसरतो. गंमत म्हणजे डच भाषेतही पंचवीस असाच उलटा बोलतात.

डेबिट कार्डाच्या क्रमांकातही असा एक गवाह असतो. ती रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. तिचे पेटंट त्यांना १९६० मध्ये मिळाले. मुलांना बसवून करून पाहण्याजोगी आहे. समजा, क्रमांक ४५२३. उजवीकडून सुरुवात करून एक आकडा सोडून एक दुप्पट करायचा. ३ तसाच, २ चे ४, ५ तसाच, ४ चे ८. बेरीज २०. दहाने पूर्ण भाग गेला, म्हणजे क्रमांक जुळला. आता तोच घाईत ५४२३ लिहा. ५ चे १० होतात. दोन अंकी आले की ९ वजा करायचे, उरला १. बेरीज १२. गवाह नाही म्हणाला! ही रीत एका ठिकाणी मात्र फसते : ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही.

आम्हाला यातल्या गणिताइतकीच त्यामागची समजूत आवडते. माणूस चुकणारच, हे आधीच धरून चुकीसाठी जागा राखलेली आहे. घरात आपण नेमके उलटे वागतो. अम्मीने पैसे भलत्याच खात्यात पाठवले की पहिला शब्द निघतो, "चष्मा लावायला काय झालं होतं?" मग पुढच्या वेळी अम्मी सांगतच नाहीत. आणि पैशाच्या बाबतीत उशिरा कळणे हेच सगळ्यात महाग पडते.

बँकांच्या खातेक्रमांकांना देशभर एकच साचा नाही, म्हणून तिथे शेवटच्या आकड्यावर विसंबता येत नाही. एनईएफटीचे पैसे खातेक्रमांकावरून जातात. आपण लिहिलेले नाव जुळवले जाईलच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. जकातीची रक्कम असो की मुलीची फी, ते नाव वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

कारण आकड्याची गवाही चुकीविरुद्ध चालते, लबाडीविरुद्ध नाही. लुबाडणाऱ्याचा खातेक्रमांक अगदी बिनचूक असतो. तिथे एवढेच लक्षात ठेवायचे : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

बाकी घरात गवाहांची कमी नाही. मोठी रक्कम पाठवताना एकाने क्रमांक सुटा सुटा वाचावा, 'पंचवीस' न म्हणता 'दोन, पाच', आणि दुसऱ्याने पडद्यावर जुळवावा. चूक सापडली तर बदलावी आणि पुढे जावे. शेवटचा आकडा एवढेच करतो. चुकणाऱ्याला तो कधी बोल लावत नाही.