संवाद कोठे हरवतो?

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे काढलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरी एक तक्रार नेहमीची असते: चित्रपटातले बोलणे कळत नाही. मुले आवाज वाढवतात. तोच पार्श्वसंगीत उसळते आणि आजोबाच म्हणतात, “अरे, बंद कर ते!” घरच्यांना हा हेकटपणा वाटतो. वस्तुतः तो कानाचा धर्म आहे.

मागाच्या शेडमधील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षे असा गोंगाट सोसलेल्या कानाची हानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. वार्धक्यातही आधी उच्च स्वरच ओसरतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने ओळखण्याच्या खुणा बऱ्याच अंशी याच वरच्या पट्ट्यात असतात; म्हणून आवाज येतो, शब्द उमगत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, मोठा मात्र बोचतो. सगळाच आवाज वाढवून काही साधत नाही, ते यामुळे.

होम थिएटरमध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. हौसेने पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरांना स्वतंत्र अँप्लिफायर जोडला आणि त्याचे गेनचे बटण पूर्ण फिरवून ठेवले, की संगीत पुढे धावते व संवाद मागे पडतो. गेन म्हणजे नेहमीचा आवाज कमी-जास्त करण्याचे बटण नव्हे. आत येणारा संकेत अँप्लिफायरने किती पटीने वाढवावा, हे ते ठरवते.

ते जुळवणे घरच्या तरुणाला अर्ध्या तासात जमेल. ज्येष्ठ व्यक्ती जेथे बसते, तेथेच कानाच्या उंचीवर आवाज मोजण्याचे अ‍ॅप असलेला मोबाइल ठेवावा. रिसीव्हरच्या मेनूमधील चाचणीचा आवाज एकेका स्पीकरवर वाजवून आकडे टिपावेत. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो. आपल्याला केवळ फरक हवा आहे, तेव्हा चालेल. पुढचे स्पीकर मधल्यापेक्षा ६ डेसिबलने वरचढ निघाले, तर अँप्लिफायरचा गेन तेवढा उतरवावा. उरलेला एखाद-दुसरा डेसिबल रिसीव्हरमधून जुळवावा. (१० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट भासते, ६ हा आकडा क्षुल्लक मानू नये.)

सारे समतोल झाले, की मग मुद्दाम मधला स्पीकर २-३ डेसिबलने चढवावा आणि सबवूफर थोडा उतरवावा. शास्त्रशुद्ध ऐकणाऱ्यांना हे रुचणार नाही. आपले श्रोते आजोबा आहेत. रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असल्यास तोही लावून पाहावा, कारण तो हळू आणि मोठ्या आवाजांतील दरी कमी करतो. घरी साधा साउंडबार असेल, तर त्यातील संवाद ठळक करणारी सोय शोधावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ही सारी जुळवाजुळव यंत्र कानात घालूनच करावी.

एवढे करूनही बोलणे कळेना, तर आधी कानात मळ साचला आहे का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि श्रवणचाचणी करावी. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती सोय आहे. मात्र एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर बटणे फिरवत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञ गाठावेत.