सारथ्याचा विनय

विनय हा विद्वानांचा अलंकार होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अलंकार अंगावर असला तर शोभा वाढते आणि नसला तरी काम अडत नाही. काही व्यवसाय मात्र असे आहेत की, तेथे विनय हा अलंकार नसून चिलखत असतो. ते गळून पडले, तर स्वतःच्याच नव्हे, परक्याच्याही प्राणांवर बेतते. मालमोटार चालवणे हा असाच एक व्यवसाय होय.

आमचे मोशी गाव पुणे-नाशिक महामार्गावर इंद्रायणीच्या काठी वसले आहे. अलीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत आणि नदीपलीकडे चाकणची. या दोहोंच्या मधून पोलादी पत्र्याची भेंडोळी, यंत्रांचे सुटे भाग आणि नव्या कोऱ्या मोटारी लादलेली वाहने अहोरात्र धावत असतात. त्याच रस्त्याने शाळेत जाणारी मुले, पाळी संपवून दुचाकीवरून परतणारे कामगार आणि भाजीची पाटी घेतलेल्या बायाही जात असतात. एकीकडे वीस-पंचवीस टनांचे ओझे आणि दुसरीकडे हाडामांसाचा माणूस! या दोघांची गाठ पडली तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश माणसे दुचाकीवरून किंवा पायी जाणारी होती. म्हणजे रस्त्यावर प्राण जातो तो बहुधा दुर्बळाचा. म्हणूनच जो बलवान आहे, त्याच्यावर नम्रतेची जबाबदारी अधिक.

पण येथे नम्रता म्हणजे काय? दोन्ही हात जोडून उभे राहणे नव्हे. हात तर चक्रावरच असले पाहिजेत. आपल्या शक्तीला कोठे मर्यादा आहे हे ओळखणे आणि त्या मर्यादेला मान देणे, ही चालकाची नम्रता होय. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर सरून गेलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की, ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा सृष्टीचा नियम आहे. तो वीस वर्षांच्या अनुभवी चालकाला सवलत देत नाही आणि नवख्याला अधिक छळत नाही.

किंबहुना, नवख्यापेक्षा अनुभवी माणसालाच अहंकाराचा धोका अधिक असतो. नवखा भीतभीत चालवतो. अनुभवी म्हणतो, 'हा रस्ता मला पाठ आहे.' २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालमोटारीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाला, असे प्रथम बोलले गेले. परंतु चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात आढळून आले. थोडे डिझेल वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करण्याची किंवा गियर काढून टाकण्याची खोड अनेकांना असते. पण मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनच भरत असते. इंजिन थांबले की, ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर हवेचा साठा उतरत जातो, तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते आणि गाडीला मागे ओढून धरणारी इंजिनची शक्तीही नाहीशी होते. ज्या गियरमध्ये घाट चढावा, त्याच गियरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. त्या साध्या बोलात केवढे शहाणपण आहे!

कोणी म्हणेल, 'असे मन धरून बसले, तर माल वेळेवर पोचायचा कसा?' हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. वेळेचा तगादा चालक स्वतः निर्माण करत नाही. तो त्याच्यावर लादला जातो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असा दंडक घालून दिला. परंतु रात्रभर जागलेल्या चालकाला 'सकाळपर्यंत पोचलाच पाहिजेस' असे दटावणारा मालक त्या दंडकाचा मान राखतो काय? झोपेपुढे भलेभले नमतात. डोळे जड झाले असता गाडी बाजूला उभी करणारा चालक भित्रा नव्हे, तर शहाणा होय. आणि त्याला उशिराबद्दल दंड न करणारा मालकही तितकाच शहाणा. विनय एकट्या चालकाकडून मागणे न्यायाचे नाही.

आपणा पादचाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. उंच कक्षात बसलेल्या चालकाला गाडीच्या अगदी पुढचे आणि डाव्या अंगाचे माणूस पुष्कळदा दिसतच नाही. 'मला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्याला मी दिसतो,' ही समजूत घातक आहे.

महाभारतात दोन सारथी आहेत. शल्य हा मोठा राजा. कर्णाचे सारथ्य करण्यात त्याला कमीपणा वाटला आणि युद्धभूमीवर त्याने आपल्याच रथीला टोचून बोलण्यात धन्यता मानली. श्रीकृष्णाने मात्र अर्जुनाच्या विनंतीला मान देऊन त्याच्या घोड्यांचे लगाम हाती घेतले आणि घोड्यांची सेवा करण्यातही कमीपणा मानला नाही. आपल्या कामाला हलके न लेखणारा आणि आपल्या बळाने न फुगणारा सारथीच रथ सुखरूप नेतो.

मालमोटारीत केवळ माल नसतो. तिच्या चाकांपुढे कोणाचा तरी बाप, कोणाची तरी लेक चालत असते. पुढच्या गाडीला वाट देण्यासाठी ज्याचा पाय वेळीच ब्रेकवर जातो, त्याचे नाव कोणी वर्तमानपत्रात छापत नाही. कारण त्या दिवशी काहीच घडलेले नसते. असे काहीही न घडलेले दिवस, हीच त्या चालकाची थोर कमाई होय.