वीजबिलाचे हप्ते आणि करावरचा दंड

वीजबिल हाती पडले की सर्वसामान्य गृहस्थाची नजर जाते ती तळाच्या आकड्यावर. किती भरायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, एवढे समजले की त्याचे काम भागते. परंतु त्या एका आकड्यात दोन वेगळ्या स्वरूपाची देणी एकत्र केलेली असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार ही विजेची किंमत झाली; ती वितरण कंपनीची. या किमतीवर घरगुती ग्राहकाकडून १६ टक्के दराने घेतले जाणारे वीज शुल्क हा मात्र कर आहे आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. विजेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. घरगुती बिलावरचा प्रत्यक्ष दिसणारा कर तो हाच. १९५८ च्या मुंबई वीज शुल्क अधिनियमाची जागा २०१६ च्या महाराष्ट्र अधिनियमाने घेतली, तरी किंमत कंपनीची आणि शुल्क सरकारचे, हा भेद कायमच आहे.

बिल वेळेवर भरणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाला फारसे महत्त्व नाही. ज्याला ते एकदम भरता येत नाही, त्याच्या बाबतीत मात्र तो महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२० आणि २०२३ च्या दरादेशांतील दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. बिल निघाल्यापासून ७ दिवसांत पैसे भरणाऱ्यास १ टक्का सूट मिळते. पण ती मोजायची कर व शुल्क वगळून. मुदत टळली तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. तो मात्र मोजायचा कर व शुल्क धरून. म्हणजे ग्राहकाला द्यायचे असेल तेव्हा कर बिलाबाहेर, आणि त्याच्याकडून घ्यायचे असेल तेव्हा तोच कर बिलाच्या आत!

एक साधा हिशेब पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाची विजेची किंमत ३,००० रुपये झाली. त्यावर शुल्क ४८० रुपये. एकूण बिल ३,४८० रुपये. ७ दिवसांत भरणाऱ्यास सूट मिळेल ती ३० रुपये. मुदत चुकवणाऱ्यास विलंब आकार पडेल तो साडेत्रेचाळीस रुपये. त्यांतले ६ रुपये केवळ करावरचा दंड म्हणून. ६ रुपयांचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारील. परंतु एका बिलात किरकोळ दिसणारी ही रक्कम ज्या घरांत महिन्यामागून महिना साचते, ती घरे सुखवस्तू नसतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्याचा पगार बँकेत जमा होतो, तो सूट मिळवतो. ज्याची मजुरी हंगामावर किंवा रोजच्या कामावर अवलंबून आहे, तो विलंब आकार भरतो. वीज दोघांनीही तेवढीच वापरलेली असते.

या प्रश्नाचा मोठा प्रत्यय २०२० साली आला. टाळेबंदीमुळे मार्चअखेर मीटरवाचन थांबले आणि हिवाळ्यातील महिन्यांच्या सरासरीवर बिले काढण्यात आली. प्रत्यक्षात उन्हाळ्यात सारे कुटुंब घरातच होते. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले तेव्हा मधल्या महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. त्याच सुमारास १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. ओरड झाल्यावर महावितरणने तीन हप्त्यांची सवलत दिली आणि एकरकमी भरणाऱ्यांना २ टक्के सूट जाहीर केली. सवलत स्वागतार्ह होती, यात शंका नाही. परंतु हप्ता म्हणजे किमतीचा भाग तसाच कराचाही भाग. घरात पैसा येण्याचे थांबलेले असताना १६ टक्क्यांचे शुल्क पूर्वीच्याच दराने बिलात उभे होते, आणि २ टक्क्यांची सूट पदरात पडली ती ज्यांच्यापाशी रोकड शिल्लक होती त्यांच्या.

करशास्त्राचा विद्यार्थी अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथातील चार कसोट्या पहिल्याच वर्षी शिकतो. त्यांतली एक सोयीची: करदात्याला भरणे सोयीचे जाईल अशा वेळी आणि अशा रीतीने कर घेतला जावा. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५३ व्या नोंदीने राज्यांना विजेचा वापर किंवा विक्री यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. पैसे उशिरा भरल्याने वापर वाढत नाही आणि विक्रीही वाढत नाही. मग उशिरामुळे करापोटीचा बोजा का वाढावा?

हप्त्यांची पद्धत काही नवी नाही. ब्रिटनमध्ये असंख्य कुटुंबे वर्षभर दरमहा समान रक्कम भरतात आणि हिवाळ्याचा भार उन्हाळ्यावर विभागून घेतात. तेथे घरगुती इंधनावर एप्रिल १९९४ पासून ८ टक्के मूल्यवर्धित कर आला. तो साडेसतरा टक्क्यांवर नेण्याचा प्रयत्न त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने हाणून पाडला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये दर ५ टक्क्यांवर आला. तेथील हिशेबपत्रकात हा कर दिसतो तो वापरलेल्या ऊर्जेच्या आकारावर. हप्त्याच्या रकमेवर नव्हे. जादा भरणा झाला असेल तर तो ग्राहकाच्या खाती जमा राहतो. आपल्याकडेही एप्रिल-मेचे बिल वर्षावर पसरवून देण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, विलंबाला दंड नसेल तर कोणीच वेळेवर भरणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण येथे तो लागू पडत नाही. विजेच्या किमतीवरचा विलंब आकार काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. शिवाय वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ अन्वये १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडण्याचा अधिकार कंपनीपाशी आहेच. घरातला दिवा विझण्याची धास्ती ६ रुपयांच्या दंडाहून कितीतरी परिणामकारक असते.

तेव्हा करावयाचे ते थोडके आहे. आयोगाने आपल्या दरादेशात सूट आणि विलंब आकार दोन्ही एकाच पायावर, म्हणजे शुल्क वगळून, मोजावेत. हप्ते मंजूर होतील तेव्हा जमा होणारी रक्कम आधी विजेच्या किमतीत वळती करावी आणि शुल्क शेवटी घ्यावे, म्हणजे पुरवठा तुटण्याचे संकट लवकर टळेल. शुल्काचा दर हा विधिमंडळाचा विषय. तेथे निदान १०० युनिटांपर्यंतच्या वापराच्या स्थिर आकारावर शुल्क का असावे, याची चर्चा व्हावी. यामुळे तिजोरीला खिंडार पडणार नाही. सरकारचा कर सरकारला मिळालाच पाहिजे. पण गरिबाच्या अडचणीवर त्या कराला व्याज सुटावे, हे कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.