आईच्या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून गावी जाऊन आलो. गाव म्हणजे करकंब, तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. रात्री जेवताना मी जाहीर केलं, की नोकरी सोडून दोन वर्षं एमए करायचा विचार आहे. विषय : सामाजिक संशोधनाच्या पद्धती.

दोन मिनिटं नुसता ताटवाट्यांचा आवाज. मग अण्णा म्हणाले, "तुला इंजिनिअर करण्यात जेवढा ऊस गेला, तेवढाच आता एमएत घालायचा का?" आई म्हणाली, "मास्तर व्हायचंय का तुला?" आणि चुलतभाऊ म्हणाला, "एमए तर पोरी लग्न ठरेपर्यंत करतात की रे!"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. पुण्यात परत आल्यावर ऑफिसातल्या मित्रांनीही वेगळ्या शब्दांत हेच विचारलं. डेटा सायन्सचा कोर्स कर म्हणाले, पॅकेज तरी वाढेल. म्हणून या वीकांताला बसून नीट लिहून काढतोय. बघा पटतंय का.

तर सुरुवात एका ॲपपासून. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे ग्रामीण कुटुंबांच्या सर्वेक्षणाचं ॲप करायचं काम आलं होतं. प्रश्नावली क्लायंटची, बांधणी आमची. नेटवर्क नसलं तरी चालेल, जीपीएस आपोआप घेईल, रकाना रिकामा सोडला तर पुढे जाऊ देणार नाही वगैरे सगळं व्यवस्थित केलं. टेस्टिंग म्हणून मी टॅबलेट घरी नेला आणि आईलाच समोर बसवलं.

"मुख्य व्यवसाय काय?"

"माझा कसला व्यवसाय? मी घरीच असते की."

यादीत पर्याय होते : शेती, मजुरी, नोकरी, धंदा, शिक्षण, गृहिणी. मी 'गृहिणी'वर बोट ठेवलं. हिरवी खूण आली, फॉर्म जमा झाला. आई उठली आणि म्हशीची धार काढायला गेली.

आमच्याकडे दोन म्हशी आहेत. त्यांचा चारा, पाणी, शेण, धारा सगळं आई बघते. दूध डेअरीला जातं आणि त्या पैशावर घरचा किराणा चालतो. शिवाय खुरपणीला ती रानात असते, ती वेगळीच. आणि माझ्या ॲपने तिला कामच नसलेल्या लोकांत नेऊन बसवलं होतं. गंमत म्हणजे माझ्या कोडमध्ये एकही बग नव्हता. सगळ्या टेस्ट केसेस पास! टीम लीडला सांितलं तर तो म्हणाला, "प्रश्नावली आपली नाही, आपण फक्त बांधायचं." त्याचंही बरोबरच होतं. पण अशा किती आया त्या रकान्यात जाऊन पडल्या असतील, हा विचार काही डोक्यातून गेला नाही.

मग जालावर शोधाशोध सुरू केली. तेव्हा कळलं की या रकान्याचं दुखणं फार जुनं आणि फार मोठं आहे. आपल्या देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात माणूस काय करतो यासाठी कोड असतात. घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत करणारा तो २१. फक्त घरकाम करणारी ती ९२. घरकाम करून शिवाय सरपण, चारा वगैरे गोळा करणारी ती ९३. यातला २१ श्रमबलात मोजला जातो, ९२ आणि ९३ मोजले जात नाहीत. आता बाई तीच, म्हशी त्याच. ती कुठल्या कोडमध्ये जाणार हे प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला आणि उत्तर तिने दिलं की ओट्यावर बसलेल्या नवऱ्याने दिलं, यावर ठरतं. देशात किती बायका काम करतात हा आकडा आपण बातम्यांत वाचतो, त्यावर चॅनेलवर भांडणं होतात. तो आकडा सुरू होतो आमच्या ओट्यासारख्या एखाद्या ओट्यावर.

यावर उपाय आहे आणि तो कोणा प्रोग्रामरने नाही, प्रश्न विचारणाऱ्या लोकांनी शोधलाय. २०१९ साली भारतात वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण झालं, २०२४मध्ये पुन्हा झालं. त्यात 'व्यवसाय काय' यावर थांबत नाहीत. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केलंत, असं विचारतात. प्रश्न बदलला की दिसणारी बाई बदलते. हे वाचलं तेव्हा खरं सांगतो, एखादा अवघड बग सापडल्यावर होतो तसा आनंद झाला.

थोडक्यात काय, तर हा विषय म्हणजे हेच सगळं. प्रश्न कसा बांधायचा, कोणाला विचारायचा, नमुना कसा निवडायचा, मुलाखत घेताना गप्प कधी बसायचं, आलेल्या उत्तरातून किती निष्कर्ष काढायचा आणि कुठे थांबायचं. संख्याशास्त्रही असतंच. ब्रिटनमध्ये याची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्याकडे तो बहुधा समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा विकास अभ्यासाच्या एमएचा भाग म्हणून शिकवतात. त्यासाठी लांब जायला पाहिजे असंही नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ची, तिचा ग्रामीण परिसर तुळजापूरला आहे, म्हणजे सोलापूरच्या अगदी शेजारी. पुण्याची गोखले संस्था १९३०ची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, सोलापूर शहरावरही पुस्तक केलं. आणि मी सोलापूर जिल्ह्यातला असून ते मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं! असो.

आता एक घरगुती योगायोग सांगतो. मी पुण्यात राहतो पिंपळे सौदागरला. हिंजवडीला जाणाऱ्या निम्म्या जनतेसारखाच. तर भारतातल्या एकेका गावाच्या सविस्तर पाहणीचा विषय निघाला की ज्या पहिल्या पुस्तकांचं नाव येतं, त्यातलं एक याच पिंपळे सौदागरवर आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांबरोबर गावाची पाहणी करून ते १९१७ साली प्रसिद्ध केलं. जुनी दप्तरं आणि स्वतःची मोजणी जुळवून त्यांनी दाखवलं, की १७७१ साली तिथे सरासरी धारण ४० एकर होती, ती १९१४-१५पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदार, जमिनीचे तुकडे ७२९, त्यातले ४६३ एक एकराहूनही लहान. ज्या सोसायटीच्या पार्किंगवरून आम्ही भांडतो, तिथे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी वही घेऊन बांधाबांधावर फिरत होतं. आज त्या जागी आम्ही सॉफ्टवेअरवाले हजारोंनी राहतो, पण आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठल्या गावाहून आल्या, त्यांची जमीन कुठे गेली, हे आम्हाला सांगता येणार नाही. आमच्याकडे डॅशबोर्ड मात्र झकास असतात.

तुम्ही म्हणाल, आता एवढा डेटा आपोआप गोळा होतो, वर एआय आलंय, कशाला हवं दारोदार फिरणं? यावर १९३६ची अमेरिकेतली गोष्ट ऐका. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीसेक लाखांहून जास्त उत्तरं आली आणि लँडन निवडून येणार असं त्यांनी छापलं. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड बहुमताने. पत्ते घेतले होते मोटार नोंदणी आणि टेलिफोनच्या याद्यांवरून, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदी ज्यांनी घेतली, त्यांचीच मतं मोजली गेली. त्याच वेळी गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. आपल्या ॲपवर पाच स्टार देणारे लोक म्हणजे सगळे ग्राहक असं समजून आपण दर तिमाहीला हीच चूक करतो.

अण्णांना मात्र हे अमेरिकेचं सांगून काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर रानात गेलो होतो, तेव्हा त्यांना सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघत होते. १९४०च्या दशकात पिकाचा उतारा काढायला शेतात किती मोठी चौकट टाकून कापणी करायची, यावर वाद होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की चौकट फार लहान घेतली तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

"का असेल, सांगा?" मी विचारलं.

अण्णा क्षणभरही थांबले नाहीत. "कडेवर आलेलं ताट माणूस आतच धरणार की. बाहेर कशाला टाकंल?"

अगदी बरोबर! चौकट लहान असली की क्षेत्रफळाच्या मानाने परीघ जास्त, म्हणजे कडेवरची ताटं जास्त आणि चूकही मोठी. सातवी शिकलेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, त्याला पुस्तकात 'बायस' म्हणतात. मग मी म्हणालो, पीकविम्याची भरपाई ठरवायलाही असेच कापणीचे प्रयोग करतात. उतारा जास्त दिसला तर भरपाई कमी. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे चौकट टाकणारा शिकलेला पायजे."

मला एवढंच म्हणायचंय. चौकट टाकणारा शिकलेला पाहिजे. आज गावोगावच्या चौकटी आपण, म्हणजे सॉफ्टवेअरवाले, टाकतोय. कुठला रकाना सक्तीचा, यादीत कुठले पर्याय, 'इतर' ठेवायचं की नाही, हे रात्री अकरा वाजता कोणीतरी पंचविशीतला इंजिनिअर ठरवतो आणि त्याला चार वर्षांत याचा एक तासही कोणी शिकवलेला नसतो. माझं स्पष्ट मत आहे, की इंजिनिअरिंगला निदान एक पेपर असा हवा ज्यात पोरांनी दहा घरी जाऊन दहा माणसांना नीट प्रश्न विचारायचे.

नोकरी सोडायची भीती वाटत नाही असं नाही. दोन वर्षं पगार नाही, बहिणीचं शिक्षण चालू आहे आणि बाहेर पडल्यावर आत्ताएवढे पैसे मिळतील याची खात्री कोणी देत नाही. यूट्यूबवर संख्याशास्त्र शिकता येतं, मी शिकलोही. पण तुमची प्रश्नावली समोर ठेवून "हा प्रश्न त्या बाईला कसा ऐकू जाईल?" असं विचारणारा मास्तर तिथे भेटत नाही. त्यासाठी जायचंय.

निघायच्या आदल्या रात्री आईला पुन्हा समोर बसवलं. टॅबलेट नाही, साधी वही. "काल पहाटे चारपासून सांग." आधी हसली, मग सांगत गेली. पाऊण तास लागला. दोन पानं भरली, त्यात बसून राहिलेले अर्धे तास मोजून तीन निघाले. आईने वही हातात घेऊन ती पानं वाचली आणि अण्णांना म्हणाली, "ऐकलं का, हे बघा जरा."

प्रवेशाचा फॉर्म आज रात्री भरतोय.